गर्भदेव आणि मागचा ड्रम

इपोह,
३ मार्च १९८४

चि. सौ. युक फोंग हिस,
अ. उ. आ.

इकडे सगळं ठीक. यंदा तुझ्या कोबीला कीड लागली नाही हे वाचून बरं वाटलं. आमचे मेहुणे चिऊराव आता चार दिवस तरी हसतमुख असतील, तेवढ्यात त्यांचा एखादा फोटो काढून ठेव.

बातमी तुझ्या कानावर आहेच, तरी रीतसर लिहितो. लाय क्वानचे दिवस मेच्या मध्यावर भरतात. आपला कोक सेंग समुद्रातल्या तेलविहिरीवर. सुट्टी मिळाली तर येईल, नाहीतर तार करेल. सुनेचं हे पहिलं बाळंतपण, आणि घरात बाईमाणूस नाही. पोरीची आई तिच्या लहानपणीच गेली. तुझी वहिनी असती तर तिने आत्तापासून तांदळाच्या दारूच्या बरण्या भरल्या असत्या, जुनं आलं पारखून आणलं असतं आणि मला स्वयंपाकघरातून हाकलून दिलं असतं. मला यातलं ओ की ठो कळत नाही. तू ये आणि बाळंतिणीचा महिना काढ. आडपडदा न ठेवता लिहितो, तुझ्याशिवाय माझं अडलंय.

न्यायला मी मॉरिस घेऊन येईन. फक्त एक गोष्ट कानावर घालतो. ब्रेक दाबला की हल्ली गाडी डावीकडे ओढते. परवा बाजारात एका शेवयावाल्याच्या हातगाडीला तिने जवळजवळ मिठीच मारली. ब्रेकचे लायनर झिजले असणार. खाणीत जन्मभर फिटरकीच केली आहे, घरीच करून टाकतो.

चिऊरावांना नमस्कार. तुझ्यावर जीव आहे हे वेगळं लिहायला नको.

तुझा,
दादा (थाम वाय चोंग)


ताना राता,
१२ मार्च १९८४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू बोलावलंस आणि मी आले नाही असं कधी झालंय? महिनाभर कोबी चिऊ बघतील. पहाटे उठून ट्रक भरायचा म्हणजे काय, ते त्यांनाही एकदा कळू दे.

पण बसने येणार नाही. गेल्या खेपेला घाटाखालच्या तापाहपर्यंतच्या वळणांवर मी इतकी ओकले की कंडक्टरने पिशव्यांचा अख्खा गठ्ठा माझ्या मांडीवर आणून ठेवला. आणि तुझी डावीकडे ओढणारी मॉरिसही नको. घाट उतरताना डावीकडे काय असतं ते तुला ठाऊक आहे. वहिनी नेहमी मागे बसायची आणि मला पुढे बसवायची, का ते मला फार उशिरा कळलं. ब्रेक सरळ लागत असेल तरच मी त्या गाडीत पाय ठेवीन.

आता नीट वाच. घरात गर्भारशी आहे, तेव्हा हातोडा उचलायचा नाही. खिळा ठोकायचा नाही, भिंतीला भोक पाडायचं नाही, जड कपाट सरकवायचं नाही. गर्भदेव घरातच कुठेतरी बसलेला असतो, आज दारात तर उद्या चुलीपाशी, आणि घाव त्याला बसला की बाळाला लागतो. तुझं प्रत्येक काम हातोड्यापासून सुरू होतं म्हणून आधीच बजावून ठेवते. वहिनीनेही हेच सांगितलं असतं, फक्त जरा मोठ्या आवाजात.

लाय क्वानला म्हणावं थंड पाणी पिऊ नकोस. माया राहू दे.

तुझी,
युक फोंग


इपोह,
२५ मार्च १९८४

चि. सौ. युक फोंग हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र सुनेने मोठ्याने वाचलं आणि गर्भदेवाच्या जागेला इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. साधंच दिलं, थंड नाही.

पुढची दोन्ही चाकं उघडली. ब्रेकचे ड्रम हाताने निघाले, हातोडा लागला नाही, शपथेवर सांगतो. दुखणं सापडलं. उजव्या चाकातला रबर फाटला होता आणि ब्रेक ऑइल लायनरवर झिरपत होतं. ते चाक नुसतं घसरायचं, सगळी गाडी एकटं डावं चाक थांबवायचं, म्हणून ती तिकडे ओढायची. नवे रबर बसवले. नवे लायनर रिबीट मारून बसवायला त्यांच्या लोखंडी कमानी, म्हणजे शू, बाजारातल्या दुकानात दिल्या. ती ठोकाठोक त्यांच्या घरी, आपल्या नाही.

आता अडलंय ते मागच्या डाव्या ड्रमवर. गंजून धरलाय. तेल सोडलं, दोन दिवस वाट पाहिली, पान्याने ओढला, हातापाया पडलो. हलत नाही. त्याला कडेकडेने हातोड्याचे ठोकेच हवेत. सून म्हणते, मारा बाबा, माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर. मी हातोडा उचललासुद्धा. पण ती दारात पोटावर हात ठेवून उभी होती. माझा हात खाली येईना. चाळीस वर्षं हाच हात चालला, आणि तिथे अडला. हसू नकोस.

एकच विचारायचंय. पलीकडच्या पाक शमच्या अंगणात ढकलत नेऊन ठोकलं तर चालेल का? ते लोक मलय मुसलमान, आपला चिनी गर्भदेव तिकडे जात असेल असं वाटत नाही.

उत्तर लवकर धाड.

दादा


ताना राता,
२ एप्रिल १९८४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हसले नाही. चिऊ हसले, त्यांना त्या दिवशी जेवायला उशिरा वाढलं.

पाक शमचं अंगण चालेल. देव धर्म बघत नाही, बाई बघतो. तो तिच्याबरोबर असतो. ती तुझ्या घरात असेल तर तोही तिथेच. तेव्हा ती तिकडे नाही ना, एवढं बघ आणि खुशाल ठोक.

बाळंतिणीला लागणारं काळं व्हिनेगर इथे चांगलं मिळतं, ते मी आणते. तू तिळाचं तेल आणि दोन म्हाताऱ्या कोंबड्या बघून ठेव. म्हाताऱ्याच हव्यात, तू उगाच गुबगुबीत बघून भुलशील.

युक फोंग


इपोह,
१४ एप्रिल १९८४

चि. सौ. युक फोंग हिस,
अ. उ. आ.

हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितोय, अक्षर लावून घे.

गाडी पाक शमच्या अंगणात नेली. त्याने आणि मी ढकलली, आणि ढकलताना त्याने मला माझ्या वयाची पुरेपूर आठवण करून दिली. लाय क्वान शाळेत शिकवून दुपारी येते आणि झोपते, म्हणून तीच वेळ धरली. लाकडाचा ठोकळा मध्ये धरून ड्रमला कडेने ठोकत गेलो. सगळ्या गल्लीच्या कानठळ्या बसल्या असतील. शेवटी तो खणकन निघाला. लायनर पार रिबीटापर्यंत संपला होता, ड्रमवर चरे पडले होते. मी तर खूश. वर बघतो तर पाक शमच्या घराच्या पायऱ्यांवर आपली सून बसलेली. मांडीवर मीठ-मिरची लावलेल्या कैऱ्यांची बशी. मला अंगठा उंचावून शाबासकी देत हसतेय.

मक जाह, म्हणजे पाक शमची बायको, तिला महिनाभर रोज दुपारी कैऱ्या खाऊ घालतेय. सून झोपायला जाते असं मी समजत होतो, आणि ती मागच्या दाराने तिकडे. म्हणजे मी गाडी ढकलत नेली ती थेट गर्भदेवाच्या पुढ्यात, आणि नेम धरून ठोकलं.

तेव्हापासून मला चैन नाही. सून म्हणते काही होत नाही. डॉक्टरही म्हणाला, सगळं उत्तम. पण रात्री ते ठोके मलाच ऐकू येतात. तुला न सांगता राहिलो असतो तर तू येऊन बाळ पाहिलं असतंस, आणि त्याच्या अंगावर नुसता तीळ असता तरी मी मेलो असतो. तू सांगितलेलं एकच मला पाळता आलं नाही. येणार नसशील तर तसं कळव, मी समजेन. पण ये.

तुझा,
दादा


ताना राता,
२१ एप्रिल १९८४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी तुझा राग आला. मग मक जाहचा, मग त्या कैऱ्यांचा. संध्याकाळपर्यंत मला कुणावर रागवायचं तेच उरलं नाही.

आता एक ऐक, हे आजवर तुला कधी बोलले नाही. माझा आ फाट पोटात असताना सातव्या महिन्यात वादळाने आमचं छप्पर उडालं. चिऊंनी माझ्या डोक्यावर बसून दोन दिवस पत्रे ठोकले. मी खाली भांडी धरून बसले होते आणि प्रत्येक ठोक्याला देवाची माफी मागत होते. आ फाट तुझ्यासमोर आहे. हातपाय धड, बँकेत नोकरी, आणि माझ्याहून जाडा. तेव्हा देव रागावला नाही, तर आता एका ड्रमवरून तो का रागावेल? त्यालाही कळतं कोण कशासाठी ठोकतंय. तू माझ्यासाठी ठोकत होतास.

मी तुला का दटावलं, सांगू? वहिनी नाही, तर कुणीतरी दटावायला हवं म्हणून. नाहीतर तू काळजी एकटाच करत बसतोस आणि कुणाला कळूही देत नाहीस.

मी येणार. तू ब्रेक संपव.

युक फोंग


इपोह,
२ मे १९८४

चि. सौ. युक फोंग हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. मक जाहने विचारलं काय आहे, मी म्हटलं औषध आहे.

गाडी तयार झाली. शू बसवले. लायनर ड्रमला सारखा टेकतो का हे बघायला आत खडू फासला. खडू सुनेच्या शाळेतला. ड्रम फिरवला की लायनरचा उंचवटा पांढरा होतो, तेवढाच कानशीने घासायचा. पाक शमला हे इतकं आवडलं की एक चाक त्याने स्वतः घासलं आणि आता गावभर सांगतो की मॉरिस त्याने दुरुस्त केली. ब्रेकची हवा काढायला पेडलवर कुणीतरी हवं होतं. पाक शम दाब म्हटलं की सोडायचा आणि सोड म्हटलं की का ते विचारायचा. शेवटी मक जाह बसली. तिने एकदाही प्रश्न विचारला नाही.

काल तापाहचा घाट अर्धा चढून उतरलो, एकटाच. रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंग सोडून ब्रेक दाबला. सरळ थांबली.

दहा तारखेनंतर न्यायला येतो. बरण्या कापडात गुंडाळून ठेव.

दादा


इपोह,
२४ जून १९८४

चि. सौ. युक फोंग हिस,
अ. उ. आ.

तुला सोडून आलो त्याला आठवडा झाला, तरी घरात अजून आल्याचा आणि तिळाच्या तेलाचा वास आहे. बाळ ठणठणीत. अंगावर तीळसुद्धा नाही, मी पुन्हा पुन्हा पाहिलं. नातीचा आवाज असा आहे की पाक शम म्हणतो, ठोके हिला नाही, आम्हालाच बसले. कोक सेंगला सुट्टी मिळाली होती ती संपली, परत गेला. जाताना रडला. लाय क्वान तुझी आठवण काढते. म्हणते, आई आठवत नव्हती, आता आई कशी असते ते कळलं.

बाळ आठवडाभर आधीच आलं. सकाळी तोंड पाहिलं आणि तसाच तडक तुझ्याकडे निघालो. पण इथे एक गोष्ट मी गावभर सांगत सुटलोय, तुलाही कळवतो. तुला घेऊन निघालो तेव्हा पुढच्या सीटवर बसताना तू बजावलंस की तापाहपर्यंत डोळा मिटणार नाहीस, रस्ता स्वतः बघणार. आणि तिसऱ्या वळणाला तू घोरत होतीस. माझ्या ब्रेकला याहून मोठं सर्टिफिकेट नको. पाक शमलाही निम्मं दिलं.

तुझ्या कष्टाचे आभार मानत नाही, मानले तर तू चिडशील.

तुझा,
दादा


ताना राता,
३ जुलै १९८४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सर्टिफिकेट भिंतीला लाव. पण मी घोरत नाही, हे आधी लिहून ठेव.

आणि खरं काय ते ऐक. पहिल्या वळणाला मी डोळे मिटले ते झोपेने नव्हे, भीतीने. तू सारखा वळून माझ्याकडे बघत होतास, तुझं रस्त्यावर लक्ष राहावं म्हणून झोपल्याचं सोंग घेतलं. तू ब्रेक दाबलास, मी मुठी आवळून गाडी डावीकडे जायची वाट पाहिली. गेली नाही. पुढच्या वळणालाही नाही. मग कधी मुठी सुटल्या ते मला आठवत नाही. झोप खरीच लागली.

जाग आली तेव्हा गाडी तापाहला झाडाखाली उभी होती आणि तू बाहेर उकिडवा बसून सिगारेट ओढत होतास. म्हणालास, इंजिन तापलं होतं, आत्ताच थांबलो. मी उतरताना बॉनेटवर हात टेकला, दादा. पार गार झालं होतं.

लग्न झाल्यापासून मी अंधारात उठतेय. कोबीसाठी, ट्रकसाठी, पोरांसाठी, सासऱ्यांच्या खोकल्यासाठी. माझी झोप मोडू नये म्हणून कुणी थांबून राहिल्याचं मला आठवत नाही. घरी नातीचं तोंड पुन्हा बघायची घाई असताना तू थांबलास. तिथे रडले असते तर तुला वाटलं असतं ब्रेकमध्ये काही बिघडलं, म्हणून इथे येऊन रडले.

चंद्रोत्सवाला मी इपोहला येणार आहे. चिऊ म्हणतात बसने जा. मी त्यांना सांगितलं, माझा भाऊ येईल.

वाट बघतेय.

तुझी,
युक फोंग