दादाच्या अँपची पाच बटणं

बेलापूर
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, दुपारचे पावणेतीन

प्रिय मोझेसदादा,

प्रभूच्या नावात तुला आणि रुचावहिनींना सलाम. आत्ताच तुझ्या गिटारच्या अँपवरची, त्या स्पीकरच्या खोक्यावरची धूळ कोरड्या फडक्याने पुसली, हात धुतले आणि लिहायला बसलो. पप्पा उपासनेहून येऊन, जेवून झोपले आहेत. आई मरियामावशीकडे गेली आहे.

फोन करता आला असता. पण फोनवर तू "सगळं ठीक?" विचारतोस, मी "ठीक" म्हणतो, मग मागे वहिनींच्या भांड्यांचा आवाज येतो आणि आपण दोघेही ठेवून देतो.

आईचा गुडघा आता बरा आहे. कारखान्याचं गळीत सुरू झालं, त्यामुळे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि धुरळा. मी अजून बॅटरीच्या दुकानातच आहे. बारावीचा फॉर्म यंदाही भरला नाही. त्यावर काही लिहू नकोस.

एक वस्तू घेतली आहे, ते सांगायचं होतं. श्रीरामपूरचा हर्षल आठवतो ना, बँजो पार्टीवाला, तुला 'मास्तर' म्हणायचा? त्याने नवीन घेतली म्हणून जुनी मला दिली. जेवणाच्या डब्याएवढी डिजिटल पेटी आहे. तिच्यात शंभराच्या वर अँपच्या आवाजांची नक्कल भरलेली आहे. एका बाजूने गिटार जोडायची, दुसऱ्या बाजूने हेडफोन, आणि हवा तो अँप निवडायचा. तू गेल्यापासून घरात गिटार ऐकू येता कामा नये असं पप्पांचं आहेच. हेडफोनमुळे त्यांना त्रास नाही आणि माझंही वाजवणं सुटत नाही. आता देवळात कोणी वाजवतही नाही. सायमन मुंबईला गेला, ढोलकीवाला पार्थ सैन्यात. फक्त पाळकसाहेबांची हार्मोनियम वाजते, आणि मी तिसऱ्या बाकावर बसून गातो.

पहिले चार दिवस हेडफोनवर चांगले गेले. पण कानातला आवाज कानातच राहतो, दादा. समोरच्या हवेत काही हलत नाही. म्हणून पप्पा शेतावर गेलेले बघून मी ती पेटी तुझ्या अँपला जोडली. पुढच्या भोकात, जिथे तू गिटार लावायचास. एका व्हिडिओत सांगितलं होतं तशी अँपची बटणं मधोमध केली आणि वाजवलं. गोधडीतून कोणी बोलावं तसा आवाज आला. तीनदा केबल बदलून पाहिली.

हर्षलला फोन केला तर तो पोट धरून हसला. "अरे येड्या, उकळलेल्या च्यात परत पत्ती टाकून उकळतो का कुनी? पेटीतबी अँप, बाहेरबी अँप. मागं दुसरं भोक हाय बघ. त्यात घाल. तिथून आवाज थेट स्पीकरला जातो."

"आणि बटणं?"

"बटनांना हातच लावू नको. तिकडून लावल्यावर त्यांचा संबंधच न्हाई."

मागच्या भोकात घातली आणि आवाज लगेच मोकळा झाला.

वर एक वाक्य मी घाईने लिहून पुढे गेलो. अँपची बटणं मधोमध केली, असं. ती तुझी बटणं होती. तू शेवटच्या रविवारी वाजवून जशी ठेवलीस तशीच तीन वर्षं होती. आई दर शनिवारी अँप पुसते, पण बटणांच्या भोवतीने, बोटाला फडकं गुंडाळून. कोणी तिला सांगितलेलं नाही. दुकानात एक स्क्रू काढला तरी मी आधी फोटो काढतो आणि इथे काही न बघता पाचही फिरवली, आणि त्याची गरजही नव्हती.

आईला शनिवारी कळलं. फडकं हातात धरून ती थोडी थांबली, मग नेहमीसारखी भोवतीनेच पुसत राहिली. 

मग मी तुझा आवाज शोधायला लागलो. बटणं आठवेनात, पण आवाज आठवत होता. पेटीतला एकेक अँप लावायचा आणि प्रभुभोजनाच्या वेळी तू हळू वाजवायचास ती धून वाजवायची. एकात चकाकी जास्त, एकात गुरगुर जास्त. रोज दुकानातून आल्यावर हेच. गुरुवारी संध्याकाळी सापडला. खरा आहे का ते बघायला हेडफोन काढला, मागची केबल लावली आणि एकदाच म्हणून ती धून वाजवली.

पप्पा मागे म्हशीला पाणी पाजत होते. त्यांचा आवाज आधी आला, आईला हाक मारलेली. "अगं, च्या ठेव. पाच कप ठेव." मग ते चपलांसकट आत आले. पप्पा, चपलांसकट. हात ओले, शर्टाला पुसत. "मोझेस, कवा आलास रं?"

दारात मला पाहिलं. माझ्या मागेही पाहिलं, खोलीत.

"तू व्हय," म्हणाले.

मी "हो" म्हणालो. ते परत गेले. थोड्या वेळाने मागे बादली वाजली.

दादा, पाच कप. आम्ही घरात तिघे आहोत. चौथा तू. त्यांनी वहिनींचं नाव आजपर्यंत घेतलेलं नाही, आणि तुमचं लग्न कोर्टात झालं तेव्हा ते काय बोलले ते मला इथे लिहायचं नाही. पण आईला हाक मारताना त्यांना विचार करायला वेळ नव्हता आणि ते पाच म्हणाले. आईने पाच कपच चहा ठेवला. तीन आम्ही प्यायलो. दोन ओट्यावर झाकून राहिले, साय धरली.

मला वाईट वाटलं नाही, असं लिहिणार होतो. वाटलं. मी वाजवताना ऐकून या घरात कधी कोणी धावत आलेलं नाही, आणि आलं तेव्हा तुझ्यासाठी. पण त्यात तुझी चूक नाही.

तो आवाज मी पेटीत साठवून ठेवला नाही. एक बटण दाबायचं होतं. दाबलं नाही आणि पेटी बंद केली. पप्पांना परत तसं धावायला लावायचं नाही. आज जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले, "ते कानात घालून बसू नको सारखं. कान जात्यात." एवढंच. मी त्याचा अर्थ जास्त लावत नाही, पण तुला कळवतो.

नाताळला या. दोघेही. बटणं तूच लाव, मी हात लावणार नाही. पप्पांना मी हे पत्र लिहिल्याचं माहीत नाही.

पेटीचे साडेसहा हजार, केबलचे साडेतीनशे. हर्षलला चार हजार दिले, अडीच हजार द्यायचे आहेत, ते मी जानेवारीपर्यंत फेडीन, तू पाठवू नकोस. तुझं माझ्यावरचं देणं, पाच बटणांच्या जागा. आणि आईकडे तुमचे दोन कप बाकी आहेत.

तुझा धाकटा,
अँड्र्यू