चोवीस उंदरिणी आणि एक बायको

२ जानेवारी. सकाळी ८.
संकल्प : यंदा बायकोची हाडं. पाळी गेल्यापासून तिची हाडं खडूसारखी ठिसूळ झालीत. डॉक्टर आठवड्याला एक गोळी देतो. त्याला काय कळतंय! मी वीस वर्षं लॅबमध्ये आहे. हॉर्मोन आटलं की आतड्याची भिंत सैल पडते, जंतू आत घुसतात, प्रतिकारपेशी भडकतात आणि हाडं खाणाऱ्या पेशींना चिथावतात. दुखणं हाडात, औषध पोटात. माझी चांगल्या जंतूंची पावडर! गोळ्या कचऱ्यात टाकल्या. बायको म्हणाली, आधी डॉक्टरांना विचारू या. हसलो.

५ जानेवारी.
अंडाशय काढलेल्या, म्हणजे बायकोसारखंच हॉर्मोन आटलेल्या चोवीस उंदरिणी आल्या. बारा जणींना पावडर, बारा जणींना साधं पाणी. नियमानं दोन गट दोन खोल्यांत हवेत. दुसरी खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. सगळ्या त्याच पिंजऱ्यांत मिसळून ठेवल्या, शेपट्यांवर खुणा केल्या. तेवढीच त्यांना सोबत. मी मुळात हळवा.

१४ फेब्रुवारी.
बायकोला पावडरीनं उलटी होते. नखरे. नाक दाबून प्यायला लावली. कंबर दुखते म्हणे. म्हटलं, काम टाळायचे बहाणे. मुलगी फोनवर म्हणाली, आई पाठीत वाकलीय. म्हटलं, उशिरा का होईना, नम्रता आली.

२० मार्च.
निकाल! पावडरवाल्यांची हाडं मजबूत. पाणीवाल्यांचीही मजबूत!! म्हणजे पावडर नुसत्या वासानंही लागू पडते. लॅबप्रमुख मॅडमना ईमेल केला. कॉन्फरन्स नक्की. बायकोला माळ्यावरून सूटकेस काढायला सांगितलं.

त्याच दिवशी, दुपारी.
धाडकन आवाज झाला. वाटलं सूटकेस पडली. सूटकेस वरच आहे.

२२ मार्च.
खुबा मोडला. डॉक्टरनं विचारलं, गोळ्या कुणी बंद केल्या? बायको छताकडे बघत राहिली. मीही छताकडे बघितलं.

२५ मार्च.
मॅडम म्हणाल्या, एका पिंजऱ्यातले उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं. पावडरीतले जंतू सगळ्यांच्याच पोटात गेले. कशानं काय झालं, आता देवालाच ठाऊक. प्रयोग रद्द. मला पिंजरे धुवायला ठेवलंय. तात्पुरतं असावं.

२ एप्रिल.
मुलीनं आईला परस्पर तिच्या घरी नेलं. फोन केला. मुलगी म्हणाली, आईचा निरोप आहे : पिंजरे आता वेगळेच ठेवू.
पावडरीचे तीन डबे उरलेत. वाया कशाला घालवायची, म्हणून पहिल्यांदाच स्वतः घेतली.
उलटी झाली. पुसायला कोणी नाही.