सांभाळणारी

६ जुलै, आंतीब

पोहोचले एकदाची! आईने बळंच दिलेला फोकाच्चा पाव बंदरावरच संपवला, हात जीन्सला पुसले आणि वर बघितलं तर समोर बोनाच्चा. उभ्याउभ्या हसूच फुटलं. काय बोट आहे! लांबट, पांढरीशुभ्र, माजलेल्या हंसासारखी मान वर काढून उभी. आत्तापर्यंतची माझी कारकीर्द म्हणजे जेनोआजवळ कामोल्यीत मामाच्या बारमध्ये पर्यटकांचे उष्टे ग्लास उचलणं. आता तेच ग्लास, पण समुद्रावर आणि पांढऱ्या शर्टात. शर्टावर निळ्या धाग्याने बोटीचं नाव. आरशात तीनदा बघितलं.

लोरेदाना आमची मुख्य. विआरेज्जोची आहे, हसते छान, पण आवाज मुख्याध्यापिकेचा. चपला धक्क्यावरच काढायला लावल्या, सागवानी डेकवर ओरखडा नको म्हणून. मग धडा. पाहुणे वर असले की आपण खाली, पाहुणे खाली आले की आपण वर. ते नाश्त्याला बसले की त्यांच्या गाद्या नीट करायच्या, ते परत येईपर्यंत आपण तिथे होतो याचा वाससुद्धा राहायला नको. चेहऱ्याकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं, ग्लास रिकामा झालाय का तेवढं. कोण, कुठले, कोणाचे असलं काही विचारायचं नाही. आणि पाहुण्याला नाही म्हणायचं नाही. एवढी तीन नाही पाठ कर पोरी, बाकी सोपं आहे, म्हणाली.

गास्पारे स्वयंपाकी, त्रापानीचा. मला बघितल्या बघितल्या म्हणाला, आली का जेनोआकडची, तुम्ही चिंगूस लोक, आता मिठाची बरणी कुलपात ठेवायला हवी. मी म्हटलं, तुम्ही सिसिलीवाले जेवणाआधी अर्धा तास रडता, तुम्हाला मीठ लागतं कशाला? खूश झाला. एक तळलेला अँकोव्ही मासा तोंडात कोंबला माझ्या.

दुपारी पाहुणे आले. जिनिव्हाची तीन जोडपी, मोठाले गॉगल, मोठाले आवाज. ज्यांनी बोट भाड्याने घेतलीय त्या मादाम कोरीन. त्यांचं सामान चढेपर्यंत एक लहान मुलगी आणि तिला सांभाळणारी बाई मागच्या पोहायच्या पायऱ्यांवरून वर आल्यासुद्धा. बाईच्या डोक्यावरून खांद्यांभोवती टॉवेल गुंडाळलेला. धीर धरवला नाही, आधी डुबकी मारून घेतली वाटतं. लोरेदाना माझ्या कानात म्हणाली, सांभाळायला स्वतःचं माणूस आणलंय, देव पावला. नाहीतर ती पोर तुझ्याच गळ्यात बांधली असती.

८ जुलै, साँ-ट्रोपे

पाय दुखतायत, पण मजेत आहे. सकाळी डेकवरचं दव पुसा, मग काचांवरचे बोटांचे ठसे पुसा, मग पुन्हा तेच. आमची बोट खाडीत, आजूबाजूला इतक्या बोटी की एकीवरच्या लोकांचं भांडण दुसरीवर ऐकू येतं. काल शेजारची एक बाई नवऱ्याला म्हणत होती की तू आणि तुझी आई या बोटीवर राहा, मी पोहत घरी जाते. गास्पारेने टाळ्या वाजवल्या, लोरेदानाने त्याला चिमटा काढला.

मुलीचं नाव ओडील. सहा वर्षांची असेल. समोरचा दात हलतोय, तो जिभेने पुढे ढकलून दाखवते. पाहुण्यांपैकी मला नाव विचारणारी ती एकटीच. निवेस सांगितलं तर म्हणाली, म्हणजे बर्फ ना? वितळत का नाहीस मग? मी हसले आणि लोरेदानाची बोलणी खाल्ली.

सांभाळणारी काही बोलत नाही, डोक्यावरचा टॉवेलही काढत नाही. मुलीचा उजवा हात सोडत नाही, जेवतानाही नाही. ओडील पीचसुद्धा डाव्या हाताने खाते, रस कोपरापर्यंत. लोरेदानाला ते फार आवडलंय. याला म्हणतात काम, म्हणते, शीक काहीतरी.

मागच्या छोट्या केबिनमध्ये दोघींचे पलंग. चादरी रोज दमट. आज उशी उचलली तर त्यावर मिठाचा पांढरा पापुद्रा. नखाने खरवडला. पोहून तशाच झोपत असतील. बदलली उशी.

१० जुलै, पोर्केरोल

पाणी इतकं स्वच्छ की नांगराची साखळी तळापर्यंत दिसते. भर दुपारी पाहुणे कापडी छताखाली लोळत होते. मी मागे टॉवेल घड्या घालत होते. सांभाळणारी ओडीलला घेऊन शिडी उतरली आणि दोघी खाली गेल्या. पोहल्या नाहीत. नुसत्या सरळ खाली गेल्या, हात धरून, जिना उतरावा तशा. मी थांबले. सगळे टॉवेल संपले. पुन्हा उलगडून पुन्हा घड्या घातल्या. वर आल्या तेव्हा ओडील खोकत नव्हती, धापाही टाकत नव्हती. तोंडातून पाणी मात्र येत राहिलं, बराच वेळ, नळ नीट बंद झाला नसल्यासारखं.

मादाम कोरीन कठड्याशी उभ्या होत्या. बघितलं आणि रोझे वाइनचा घोट घेतला. काय आई आहे ही!

लोरेदानाला सांगितलं. म्हणाली, पैसेवाल्यांची पोरं चालायच्या आधी पोहतात, तू स्वतःला बघ, बंदरावर वाढलीस आणि कुत्र्यासारखी पोहतेस.

टॉवेल द्यायला वाकले तेव्हा ओडील कानात बोलली. खाली तिला आवडत नाही. खाली अंधार असतो आणि तोंड उघडायला लागतं. मला म्हणाली, तू सांग ना, आज पुन्हा नको म्हणून.

कोणाला सांगू? आईलाच सांगायला हवं. लोरेदानाची ती तीन ‘नाही’ गेली खड्ड्यात.

११ जुलै, पोर्केरोल

सांगितलं. कॉफी ठेवताना म्हटलं, मादाम, माफ करा, तुमच्या मुलीला पाण्याची भीती वाटते.

त्यांनी गॉगल काढला. म्हणाल्या, कोणाच्या मुलीला?

मग त्या हसल्या, खूप गोड. म्हणाल्या की बरं झालं तूच विषय काढलास. कप्तानाची मुलगी आणि नात बोटीवर आहेत हे आम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं, आमची काही हरकत नाही, इटालियन लोकांचं कुटुंबावर किती प्रेम असतं ते माहीत आहे आम्हाला. बोलणं बरं दिसलं नसतं म्हणून गप्प होतो. फक्त ती छोटी ओल्या कपड्यांनी सोफ्यावर बसते, तेवढं बघा.

कप्तान ओत्ताव्योंचं लग्नच झालेलं नाही.

लोरेदाना मागून आलीच. तिने काय केलं? मान झुकवली. हो मादाम, क्षमा असावी मादाम, पुन्हा नाही होणार. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?

खाली आल्यावर कप्तानांना सांगितलं. ते चिडले, पण भलत्यावरच. म्हणाले, बघा हे लोक! कागदावर सहा जणं, वर दोन फुकटची आणली आणि आता आपल्या नावावर खपवतायत. बंदर पोलिसांना कळलं तर ऐन हंगामात माझी बोट बांधून ठेवतील. तुम्ही काही बघितलं नाही, मी काही बघितलं नाही. जाताना नेतील आपलं आपण.

मी म्हटलं, पण त्या त्यांच्या नाहीतच. म्हणाले, मग कोणाच्या आहेत, माझ्या?

गास्पारे हसला. मग हसायचा थांबला. त्याने मुलीसाठी कापून ठेवलेल्या पीचकडे बघितलं आणि ताट कचऱ्यात ओतलं.

त्यांना वाटतं आमच्या. आम्हाला वाटतं त्यांच्या. शिष्टाचार म्हणून कोणी विचारलं नाही.

१३ जुलै, जिरोलाता

काल कोर्सिका गाठली. लाल कडे, रणरणतं ऊन, सावलीचा ठिपका नाही. अशा उजेडात माणसाला भीती वाटू नये.

आता सगळे त्यांच्याकडे न बघण्यात तरबेज झालेत. त्या येतात तिथून लोरेदाना उठते. पाहुणे बोलता बोलता मान वळवतात. मी एकटी बघते, म्हणून ओडील माझ्याकडेच बघत राहते.

आज जेवणानंतर सांभाळणारी तिला घेऊन शिडीकडे निघाली. ओडीलने कठडा धरला. रडली नाही, नुसता धरून ठेवला. बोटं एकेक करून सुटली. पाणी गुडघ्याला, छातीला, हनुवटीला — मग फक्त डावा हात वर, उघडा.

मी पालथी पडले आणि तो हात धरला. काय करणार होते दुसरं? सांगा ना कोणीतरी.

ओढलं. वाटलं होतं सांभाळणारी खालून ओढेल, झटापट होईल. तिने सोडून दिलं. सहज. जड पिशवी दुसऱ्याच्या हातात द्यावी तसं. टॉवेल पाण्यावर सुटला आणि पहिल्यांदा तिचा चेहरा दिसला. माझ्याहून लहान. विशीचीसुद्धा नसेल. इतकी दमलेली. शर्टावर निळा धागा उसवलेला, तरी वाचता आलं. बोनाच्चा.

माझ्याकडे बघून ती रडायला लागली, आनंदाने. मग गेली. खाली नाही गेली, विरघळली.

ओडील वर आहे. सुखरूप आहे. हात थंड आहे तिचा.

१४ जुलै

हात सोडता येत नाही.

सोडून बघितला. तिला टॉवेलवर ठेवून जरा बोटं सैल केली, तर ती डेकवरून घसरत निघाली, पाण्याकडे, दोरीने ओढल्यासारखी, आणि किंचाळली — तसं मूल किंचाळताना मी कधी ऐकलं नव्हतं. झडप घालून धरला. लगेच गप्प. माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

डाव्या हाताने तिला धरलंय, उजव्याने हे लिहितेय.

लोरेदाना जवळून गेली. मी हाक मारली. ती थांबली, माझ्या हाताकडे बघितलं, चेहऱ्याकडे नाही, आणि फ्रेंचमध्ये विचारलं, मादमोआझेल, काही हवंय का?

गास्पारेला म्हटलं, अरे मी, निवेस, जेनोआकडची. त्याने पीच ठेवलं आणि पाठ न दाखवता मागे मागे गेला.

कपडे वाळत नाहीत. एवढ्या उन्हात.

१५ जुलै, काल्वी

धक्क्याला लागलो. उतरून पळायचं ठरवलं, तिला कडेवर घेऊन. घरी न्यायचं. आईला काहीतरी सुचेल.

उतरायच्या फळीवर पाऊल टाकलं आणि ती जड झाली. शिशासारखी. तोंडातून पाणी — नाकातून — डोळे पांढरे. मागे आले. बरी झाली. पुन्हा टाकलं. पुन्हा तेच.

फळीच्या पायथ्याशी, धक्क्यावर उभं राहून लोरेदाना फोनवर सांगत होती, कामोल्यीची ती पोरगी न सांगता पळाली, आजकालच्या पोरी, आज संध्याकाळच्या आत दुसरी पाठवा.

मी तिच्या डोक्यावर उभी होते. ओरडत होते.

जिनिव्हावाले गेले. जाताना मादाम कोरीननी ओडीलला हात हलवून टाटा केला. कप्तान म्हणाले, हरामखोर, ठेवूनच गेले.

संध्याकाळी नवी मुलगी आली, मागोमाग नवे पाहुणे आले. मिलानचे. लोरेदाना नव्या मुलीच्या कानात म्हणाली, सांभाळायला स्वतःचं माणूस आणलंय —

१७ जुलै

तिला खाली जायचं असतं. नाही — तिला नको असतं, पण जावं लागतं. दुपारी. हात ओढला जातो, तिचाही, माझाही. अंधार आहे. तोंड उघडावं लागतं.

मी नेत नाही तिला. मी फक्त सोडत नाही.

वरून दिसत असेल की मी नेते.

१८ जुलै

नव्या मुलीचं नाव एर्सिलिया. कार्लोफोर्तेची. ती बघते आमच्याकडे. एकटीच. काल वाकून ओडीलशी काहीतरी बोलली. ओडीलने तिला कानात काय सांगितलं ते मला —

सांगायला हवं तिला. नको धरूस. काही झालं तरी नको धरूस. आवाज जात नाही. पाणी येतं तोंडात.

दुपार

शिडीवर. पाणी कमरेला. वही वरच्या पायरीवर टेकवलीय.

ती पळत येतेय. अनवाणी. पालथी पडली डेकवर, हात लांब केला —

नको. एर्सिलिया, नको —

मी मान हलवतेय, नाही, नाही, पण ओडीलने दुसरा हात वर केलाय आणि माझी बोटं — मी नाही करत — माझी बोटं आपोआप सैल, किती बरं वाटतंय, आई, किती ब