वाऱ्याचा हिस्सा

प्रिय बारक्या,

फोन उचलत नाहीस म्हणून शेवटी कागद घेतला. फोन कापता येतो, कागद फार तर फाडता येईल. पण तू फाडणार नाहीस. तुझी खोड मला ठाऊक आहे, आधी सगळं वाचणार आणि मग रुसून बसणार. मी या घरात आले तेव्हा तू दप्तर पाठीला लावून दाराआडून माझ्याकडे बघायचास आणि मी वळले की धूम ठोकायचास. आता एवढा बाप्या झालास, पण धूम ठोकणं काही सुटलं नाही. रागावू नकोस. टोमणे मारायचा वहिनीला हक्क असतो, आणि तू गेल्यापासून या घरात टोमणे मारण्याजोगं कुणी उरलेलंच नाही.

आईंना आता जिना चढवत नाही. त्यांची खाट खालच्या खोलीत खिडकीपाशी आणली आहे. फाटक वाजलं की त्या मान वळवतात, मीटर बघणारा किंवा दूधवाला दिसला की परत भिंतीकडे तोंड करतात. तुझं नाव काढत नाहीत, पण ताट वाढताना अजून कधीमधी एक जास्तच मांडतात आणि मग आपणच उचलून ठेवतात. तुझी पुतणी माझ्या खांद्याला लागली. तिने एकदा मला विचारलं की काका आपल्यावर रागावलाय का. मी म्हटलं, नाही गं, तो स्वतःवर रागावलाय, आणि तो राग घेऊन बसायला त्याला समुद्र दिसणार नाही असं गाव हवं होतं. तिला ते कळलं की नाही कोण जाणे. तिने पुढे विचारलं की मग तो कधी येणार, तेव्हा मात्र मी तिला वेणी घालायला बसवलं.

तुझ्या दादाची होडी विकायची असं मी पक्कं ठरवलं होतं. गिऱ्हाईकही आलं. त्याने इंजिनाची दोरी ओढ ओढ ओढली, इंजिनाने हूं की चूं केलं नाही, आणि तो नाक मुरडून निघून गेला. म्हणून मिस्त्रीला बोलावलं. तोच आपला कोपऱ्यावरच्या दुकानातला, कानावर पेन्सिल आणि जिभेवर शिवी. त्याने इंजिन उघडून सगळं साफ केलं, मी बाजूला सुट्या भागांचं तबक धरून बसले होते. शेवटी म्हणाला, वहिनी, आता तुम्हीच ओढा. मी ओढली आणि ते एका दमात सुरू झालं. तो आवाज ऐकला आणि मला रडूच कोसळलं. मिस्त्री बिचारा घाबरला, त्याला वाटलं माझा खांदा निखळला. त्या दिवसानंतर मी विकायची गोष्ट काढली नाही. आधी धक्क्यालगत चालवायला शिकले, मग बाहेरच्या तरंगत्या बोयापर्यंत. सुरुवातीला धक्क्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आता त्यांच्यातल्या दोघी जाळं ओढायला माझ्याबरोबर येतात.

आता ज्या दिवसाबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही, त्याबद्दल लिहिते. तू हे वाचताना उठून जाऊ नकोस.

आपल्या धक्क्याची रीत तुला मी काय सांगणार? एकटा लांब जाणारा प्रत्येक माणूस कुणा एकाला आपला काठावरचा करतो. किती पेट्रोल घेतलं, कुठवर जाणार, कुठून परतणार, हे त्याला तोंडी सांगायचं, आणि काठावरच्याने ते सगळं परत म्हणून दाखवल्याशिवाय दोरी सोडायची नाही. मग त्या माणसाची काळजी कधी सुरू करायची हे काठावरचा ठरवणार. त्याने सांगितलं तर बोटी शोधायला निघतात, त्याने थांबा म्हटलं तर थांबतात. तुझ्या दादाचा काठावरचा कायम तूच. दुसऱ्या कुणावर त्याचा भरवसाच नव्हता. बारक्या शाळेत दिवे लावू दे नाहीतर विझवू दे, पेट्रोलचा हिशेब मात्र त्याच्या बोटांवर आहे, असं तो चारचौघांत सांगायचा.

आणि हिशेब तरी तुम्हा भावांचा केवढा साधा. तीन हिस्से करायचे. एक जायला, एक यायला, आणि तिसरा वाऱ्याचा. टाकीत पहिले दोन, आणि होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेकडे बांधलेल्या पिवळ्या कॅनमध्ये तिसरा. कॅनला हात लागला की समजायचं, आज वाऱ्याने आपला वाटा मागितला. त्या दिवशी दुपारी वारा फिरला. बाकीच्या होड्या घाईघाईने आत आल्या. तिघांनी इंजिनं सुरू करून ठेवली आणि तुला विचारलं, जाऊ का. मी तिथेच उभी होते. तू बोटांवर मोजलंस, वाऱ्याकडे बघितलंस आणि म्हणालास की टाकीतलं समोरच्या वाऱ्यात कमी पडेल, पण त्याच्याकडे अख्खा कॅन आहे. तो मोठ्या खडकांच्या आडोशाला थांबला असेल, वारा पडला की येईल. तुम्ही आत्ता गेलात तर उगाच तुमचेच जीव धोक्यात. त्यांनी इंजिनं बंद केली. तुझं बोलणं ऐकून मला हायसं वाटलं होतं, बारक्या. मी घरी जाऊन त्याच्यासाठी पाणी तापत ठेवलं.

वारा पडला आणि तो आला नाही. होडी खडकांपाशी उलटलेली सापडली, तो दुसऱ्या दिवशी सापडला. टाकी उघडून बघितली तर कोरडी ठणठणीत. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, बारक्याचा हिशेब चुकला. कोण म्हणालं ते मला आजही माहीत नाही, पण तू ते ऐकलंस हे मी पाहिलं. आठवडाही गेला नाही आणि तू बॅग भरलीस. मी तुला थांबवलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मला तुझं तोंड बघवत नव्हतं. दोष द्यायला मला कुणीतरी हवं होतं, समुद्राशी भांडून काय मिळणार, आणि तू हाताशी होतास. त्या दिवसांत आईंनी एकदाच मला म्हटलं, माझे दोन्ही गेले गं. मी त्यांच्यावर चिडले, कारण माझा तर एकच होता.

होडी हातात आल्यावर मात्र ते वाक्य माझ्या डोक्यात भुंग्यासारखं फिरायला लागलं. चुकला म्हणजे किती चुकला? कुठे चुकला? मिस्त्रीला म्हटलं, मला हे इंजिन किती खातं ते मोजायचंय. तो म्हणाला, इंजिन म्हणजे जावई, जेवढा मान द्याल तेवढं जास्त खातं. पण शिकवलं त्याने. टाकी गळ्यापर्यंत भरायची आणि तिथे खूण करायची. धक्क्यापासून बोयापर्यंत जाऊन यायचं, मग मापाच्या भांड्याने पुन्हा खुणेपर्यंत ओतायचं. जेवढं ओतलं तेवढं इंजिनाने खाल्लं. पहिल्या दिवशी मी नुसतं जातानाचं मोजलं आणि केवढं कमी लागलं म्हणून नाचत सुटले. मिस्त्री पोट धरून हसला. म्हणाला, वहिनी, जाताना ओहोटीने फुकट ढकललं तुम्हाला, येताना तीच ओहोटी वसूल करेल, दोन्ही बाजू मोजा. तशा मोजल्या. मग रिकामी होडी नको म्हणून मासळीच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या भरल्या आणि पुन्हा मोजलं. मग वारा समोरून असेल असा दिवस गाठला. पूर्ण वेगाने मोजलं, मंद चालवून मोजलं. वेग वाढवायला कान पिळला की इंजिन दुप्पट पितं आणि होडी मात्र थोडीशीच आधी पोचते, हेही कळलं. तुझा दादा कधी कान पिळायचा नाही, तुला आठवतं ना? त्याच्या मागून निघालेले पुढे जायचे आणि तो आपला मजेत मागून यायचा.

हे सगळं मांडल्यावर उत्तर असं आलं की मासळी भरलेली, वारा तोंडावर, तरी टाकी आणि कॅन मिळून तो धक्क्याला लागला असता आणि वर थोडं उरलं असतं. तू बोटांवर मोजून सांगितलंस, तेच. मी चुकले असेन म्हणून पुन्हा मोजलं. पुन्हा तेच आलं. आनंद व्हायला हवा होता, पण उलट जिवाला घोर लागला. हिशेब बरोबर तर टाकी कोरडी का? कॅन तेव्हा सापडला नव्हता. सगळेच, मी आणि तूसुद्धा, धरून चाललो की आतलं संपल्यावर तो वाहून गेला.

मग गेल्या महिन्यात एक परका माणूस धक्क्यावर आला. पलीकडच्या आखातातला, वयस्कर, खुशीत शीळ घालत. हातात पिवळा कॅन. काठोकाठ भरलेला, आणि बरोबर एका पिशवीत सुकवलेली मासळी. मला म्हणाला, या कॅनचे मालक कुठे भेटतील, त्यांचे आभार मानायचे आहेत. मागे एकदा खडकांच्या पलीकडे माझं पेट्रोल संपलं होतं, इतके दिवस आजारपणात गेले म्हणून यायला उशीर झाला. सांगत होता की त्याने मदतीची खूण म्हणून वल्हं उभं धरलं, दोन होड्या लांबून निघून गेल्या, आणि तुझ्या दादाने मात्र वळवली. कॅन सोडून त्याच्या हातात दिला. हा म्हणाला, अहो, तुम्हाला नको का? त्यावर तुझा दादा आकाशाकडे बघून म्हणाला, आज वारा नाही, वाऱ्याचा हिस्सा तुम्ही घ्या. तेव्हा खरंच वारा नव्हता. हा माणूस घरी पोचला आणि मग वारा फिरला. तुझ्या दादाची टाकी समोरच्या वाऱ्यात अर्ध्या वाटेतच संपली असणार आणि वाऱ्याने होडी मागे खडकांवर लोटली असणार.

मी नुसतं म्हटलं की मी त्यांची बायको. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याची शीळ, हसू, सगळं गेलं. तो तिथेच धक्क्यावर खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मी त्याला घरी नेलं, चहा दिला. आईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याच्याने ते झालं नसतं. माझ्या मनात येत होतं की हा जिवंत बसलाय आणि कपात फुंकर घालतोय. मग वाटलं, याला सोडून पुढे निघून गेला असता तर तो तुझा दादा नव्हताच. दोन्ही विचार आजही चालू आहेत, एकामागून एक. मी काही साध्वी नाही.

मी तुला गोड गोड सांगणार नाही, बारक्या. बोटी निघाल्या असत्या तर कदाचित तो वाचला असता. हे खरं आहे आणि तुझ्याइतकंच मलाही ते छळतं. पण तुला जे सांगून तो निघाला होता, त्यावर तू जे मोजलंस त्यात चूक नव्हती. तुझ्या हातात जेवढं होतं तेवढं तू नीट मोजलंस. पुढे त्याने मधल्या पाण्यात काय दान केलं ते काठावरून कुणाला दिसणार होतं? धक्क्यावर सगळ्यांसमोर मी हे सांगितलं आहे, त्या परक्या माणसाला शेजारी उभं करून. मिस्त्रीने इतका वेळ शिवी दिली नाही, त्यावरून काय ते समज.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. बोयाच्या अलीकडे मासळी उरलेली नाही, आम्हाला मोठ्या खडकांपर्यंत जावंच लागणार. त्या दोघी तिथवर यायला तयार नाहीत, म्हणून मी एकटीच जाणार आहे. मिस्त्री म्हणाला, मी होईन तुमचा काठावरचा. मी नको म्हटलं. तर ऐक. टाकी भरलेली असेल. ओहोटीबरोबर जाईन, भरतीबरोबर येईन, इंजिनाचा कान पिळणार नाही. वारा फिरला तर खडकांच्या आडोशाला थांबेन. कॅन नाळेकडे बांधलेला असेल, पण तो तू हिशेबात धरू नकोस, कारण कुणी वल्हं उभं धरलं तर मी तो देऊन टाकणार आहे. आणि वारा फिरला, तर माझी वाट बघत बसू नकोस, बोटी धाड. हे सगळं आता तू मला परत म्हणून दाखवायचंस. पत्रातून चालणार नाही, फोनवरही नाही. धक्क्यावर माझ्यासमोर उभा राहून म्हण. तोवर मी दोरी सोडत नाही.

तुझीच,
भांडखोर वहिनी