ओमेरचा सनबोर्डचा परशू परत मिळण्याबाबत

दि. ९ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक,
खाडीनाका पोलीस ठाणे, पनवेल.

अर्जदार : मनासे शालोम वरसोलकर, वय ६३, सेवानिवृत्त मुख्य लिपिक, राहणार पनवेल.

विषय : मुद्देमाल खोलीत जमा असलेला सनबोर्ड व प्लास्टिक शीटचा परशू (नग एक) नष्ट न करता परत मिळण्याबाबत.

संदर्भ : १) ठाण्याची पोचपावती, दि. ११ मार्च २०२५.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज.
३) आपले दि. १ डिसेंबरचे पत्र व सोबतचा हमीपत्राचा नमुना.

महोदय,

१. उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, सदर परशू कोणीही जप्त केलेला नाही. तो अर्जदाराने स्वतः, कोणी मागितलेला नसताना, रिक्षात घालून ठाण्यात आणून दिला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. अर्जदार तर न बोलावता ठाण्याची पायरी चढला. आपल्या कोणाही कर्मचाऱ्याविरुद्ध त्याची तक्रार नाही. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तोच हा अर्ज लिहीत आहे.

२. अर्जदाराचा मुलगा ओमेर, वय २६, बेलापूरला एका खासगी कंपनीत नोकरीला होता. कामावरून आला की बाल्कनीत बसून व्हिडिओ गेममधली हत्यारे हुबेहूब बनवणे हा त्याचा छंद. कटरने सनबोर्ड, म्हणजे फलकांसाठी वापरतात तो हलका फोमचा पुठ्ठा, कापायचा, थरावर थर चिकटवायचे, पात्याला पातळ प्लास्टिक शीटची कड द्यायची, चंदेरी रंग मारायचा, आणि मग त्याच नव्याकोऱ्या पात्यावर जुन्या टूथब्रशने गंजाचा रंग शिंपडत बसायचे. नव्या वस्तूला गंज कशाला, असे अर्जदाराने विचारले होते. तो म्हणाला, "बाबा, हा परशू चारशे वर्षं लढलाय." सदर परशू चार फूट सात इंच लांब, वजन नऊशे दहा ग्रॅम. तो बनवायला त्याला चार महिने लागले.

३. अर्जदाराच्या बेने इस्रायली (ज्यू) समाजात पुरीमच्या सणाला मुले सोंगे घेऊन प्रार्थनालयात येतात. बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेल्यामुळे आता ओळखीतली मुले उरली सहा. त्या सहाजणांना परशूधारी योद्ध्याचे सोंग दाखवायचे ओमेरने कबूल केले होते. प्रार्थनालयाबाहेर पोलीस पहारा असतो. एवढे मोठे पाते घेऊन पोरगा तिथे गेला आणि भलताच गैरसमज झाला तर काय, अशी धास्ती अर्जदाराने घेतली. चौतीस वर्षे लिपिकी केलेल्या माणसाला कुठल्याही भीतीवर एकच औषध ठाऊक असते, ते म्हणजे शिक्का. सदर वस्तू खोटी असल्याचा दाखला आधी ठाण्यातून घ्यावा असे त्याने ठरवले. ओमेर म्हणाला, "बाबा, गेटवरचे पोलीस मला ओळखतात. उलट सेल्फी काढतील." अर्जदाराने ऐकले नाही, त्यालाही सोबत रिक्षात बसवले.

४. ठाण्यात हवालदार काशिराम यांनी परशू बोटाने वाकवून पाहिला आणि घेऊन जा म्हणून सांगितले. अर्जदार तेवढ्यावर उठला असता तर आज हा अर्ज नसता. परंतु त्याने लेखी दाखल्याचा आग्रह धरला, दाखला होईपर्यंत वस्तू ठेवा म्हणाला आणि ठेवल्याची पोचपावती मागितली. पोचपावतीसाठी नोंद करणे आले. नोंदवहीत खोट्या वस्तूंचा रकाना नव्हता, "संशयित शस्त्र" असा होता. काशिराम हळहळून म्हणाले, "काका, ह्यो तं पुठ्ठा हाय. पन आता नोंद झाली, तपासनीला जानार. आमच्या हातात काय नाय. तुमी आनलाच कशाला?"

५. पुरीमला ओमेर रिकाम्या हाताने गेला. परशू कुठाय म्हणून मुलांनी गलका केला, तेव्हा तो म्हणाला, "सरकारी कामाला गेलाय." आणि दोन्ही हातांत नसलेला परशू पेलत त्याने पाऊण तास सोंग केले. मुले हसून लोळली. घरी आल्यावर त्याने अर्जदाराला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते.

६. दि. १९ ऑगस्ट रोजी, चार दिवसांच्या डेंग्यूने, ओमेर वारला.

७. त्यापुढील पत्रव्यवहार दप्तरी आहेच. पोचपावतीवर मालक म्हणून ओमेरचे नाव असल्याने मालकाने समक्ष यावे असे कळवण्यात आले. ते नाव अर्जदारानेच सुवाच्य अक्षरांत लिहून दिले होते. मृत्यूचा दाखला जोडला, तर वारस दाखला मागण्यात आला. तो काढायला गेल्यावर खिडकीतल्या बाईंनी मिळकतीचा तपशील विचारला. अर्जदाराने "परशू, एक" असे सांगताच त्यांनी शस्त्राचा परवाना मागितला. अखेर ऑक्टोबरात तज्ज्ञांचा अहवाल आला की, सदर वस्तूने कोणासही इजा होऊ शकत नाही. हा निष्कर्ष अर्जदारास मान्य नाही, परंतु त्यावर अपील करण्याची त्याची इच्छा नाही.

८. आता आपल्या पत्रान्वये, हमीपत्रावर सही केल्यास परशू परत मिळेल, अन्यथा शनिवार दि. २० डिसेंबर रोजी नष्ट करण्यात येईल. हमीपत्रातील कलम १, २ व ४ अर्जदारास मान्य आहेत. कलम ३ असे आहे : "सदर वस्तू टाकाऊ व मूल्यहीन असल्याचे मला मान्य आहे." त्या दिवशी रिक्षात ओमेर परशू गुडघ्यांवर आडवा धरून बसला होता. त्याचा चेहरा पाहून अर्जदार म्हणाला होता, "एवढ्या टाकाऊ पुठ्ठ्यापायी तोंड काय पाडून बसलास?" तो शब्द आता मागे घेता येत नाही. निदान त्याच शब्दाखाली सही करणे अर्जदाराच्याने होणार नाही. सबब, कलम ३ खोडून परशू परत द्यावा, ही विनंती.

९. कलम खोडणे नियमात बसत नसेल, तर एवढे करावे. परशूची मूठ करताना ओमेरने प्लास्टिक शीट गरम करून दांड्यावर गुंडाळली आणि ती मऊ असतानाच हातमोजा घालून, थंड होईपर्यंत घट्ट पकडून ठेवली. थंड पाण्याचा फडका अर्जदाराच्या पत्नीने, एलिशेवाने, दिला होता. चार बोटे आणि अंगठा तिथे जसाच्या तसा आहे. बाकी घरात ओमेरचे कपडे आहेत, फोटो आहेत, पण हात नाही. अर्जदार ठाण्यातून परतला की पत्नी दारातच "आणला का?" एवढेच विचारते, आणि उत्तर न ऐकता आत जाते.

शनिवार हा आमचा शब्बाथ, त्या दिवशी आम्ही वाहनात बसत नाही. दि. २० रोजी आम्ही दोघे चालत येऊ. नष्ट करण्यापूर्वी ती मूठ आम्हाला प्रत्येकी पाच मिनिटे हातात धरू द्यावी. तेवढा वेळ नसल्यास फक्त पत्नीस द्यावी.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
नम्र अर्जदार
(सही)
मनासे शालोम वरसोलकर

सोबत :
१) पोचपावतीची प्रत.
२) ओमेर मनासे वरसोलकर याच्या मृत्यूचा दाखला, साक्षांकित.
३) तज्ज्ञांच्या अहवालाची प्रत.
४) हमीपत्र, कलम ३ सोडून प्रत्येक कलमापुढे सही केलेले.