सतरंजीचे दुसरे टोक

३ फेब्रुवारी, सकाळी
बाबांची उमेदवारी निश्चित आहे. वॉर्डाचा उमेदवार सभासदांनी मतदानाने ठरवावा, असे पक्षाच्या घटनेत स्पष्ट नमूद आहे. माझ्या जन्माआधीपासून पक्षाच्या सतरंज्या घालणाऱ्या आणि उचलणाऱ्या माणसाविरुद्ध मत देईल कोण? आई म्हणाली, घटना कपाटात असते गं, तिकीट खिशात. आईचे राज्यशास्त्र कच्चे आहे. त्या विषयात मी पहिली आले होते.

५ फेब्रुवारी
बाबांचे भाषण लिहिले. पहिले वाक्य : ‘सतरंज्या उचलता उचलता मी लोकशाही शिकलो.’ बाबांनी आरशासमोर वाचून पाहिले. दर वेळी ‘सतरंज्या’पाशी घसा दाटतो. सरावाने हा दोष जाईल.

९ फेब्रुवारी
वॉर्डातला ठेकेदार विरोधी पक्ष सोडून आमच्यात आला. शुभशकुन! प्रचाराला त्याची जीप मिळेल. आईने विचारले, जीपमध्ये बसणार कोण? तिच्याशी वाद घालणे व्यर्थ.

११ फेब्रुवारी
अफवा कानी येत आहेत. संकल्प : उद्याच्या मीटिंगमध्ये उभे राहून घटनेतले कलम वाचून दाखवायचे. मी बोलले की चित्र पालटेल. कलम पाठ आहे, स्वल्पविरामांसह.

१२ फेब्रुवारी
शाखाध्यक्षांनी ठेकेदाराचे नाव सुचवले. निष्ठेला मान आहेच, पण सीट निवडून यायला हवी, असे ते म्हणाले. मग कोणाची हरकत आहे का, असे विचारले. मी मनात ‘सन्माननीय अध्यक्ष महोदय’पर्यंत पोचले होते, तोवर ठराव एकमताने मंजूर. अध्यक्षांनी थोडा अधिक अवधी द्यायला हवा होता.
पहिला हात बाबांचा वर गेला. बंडापूर्वीचा डावपेच असावा.

१३ फेब्रुवारी
डावपेच नव्हता. बाबा म्हणाले, तायडे, एवढं छान भाषण वाया कशाला घालवायचं? नाव बदलून दे त्यांना. बोलताना ते भिंतीकडे पाहत होते. मी नकार देणार आहे. ठामपणे. लेखी.

सायंकाळी
शुद्धलेखन पुन्हा तपासून दिले.

१७ फेब्रुवारी
ठेकेदारांनी भाषण उत्तम वाचले. ‘सतरंज्या’पाशी घसा मुळीच दाटला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिली टाळी मागे खांबापाशी उभ्या असलेल्या बाबांची.
सभा संपली, जीप निघून गेली. बाबा वाकून सतरंजी गुंडाळू लागले. एकट्याने ती सरळ गुंडाळता येत नाही, हे मला आज कळले. इतकी वर्षे दुसरे टोक कोण धरत होते, ठाऊक नाही. आज मी धरले. बाबा म्हणाले, नीट झटक हं, उद्याही लागेल.
मला काही बोलायचे होते.
सतरंजी झटकली.