कचेरीतली हाक

सोलापूर, शुक्रवार

बाबाला जिवल्याचा रामराम.

मी बरा हाय. दोन वेळ पोटभर मिळतं, खोलीत पंखा हाय. आईचा गुडघा कसा हाय? शेळी व्याली का?

तेजल, इथून पुढचं बाबाला एकट्यालाच वाचून दाखव.

आमी भर बाजारातली जुनी सरकारी कचेरी पाडतोय. बाबा, ही तीच, जी बांधायला आजा गेला होता. तू तेव्हा पाळण्यात होतास. सोबतचे परत आले, आजा आला नाय. त्यांनी आजीला सांगितलेलं मोठं घड्याळ अजून दारावर हाय.

इथं मला सगळे 'पालघर' म्हणतात. तुझं नाव तर कोणालाच ठाऊक नाय. तरी दुपारी माणसं जेवायला खाली उतरली की तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी "रामा" म्हणून हाक मारायचा. एकदाच. तूच शिकवलंस, भूत तीनदा हाक मारत नाय, तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये. म्हणून आठवडाभर गप्प राहिलो.

सोमवारी राहवलं नाय. हाकेत रडू होतं. मी वर बघून बोललो, "रामा इथं नाय. मासवणला हाय, चिंचेखालच्या घरात."

तेव्हापासून इथली हाक बंद झाली.

माझं चुकलं, बाबा. अंगणातून कोणी तुझं नाव घेतलं तर एका हाकेला ओ देऊ नकोस. पण ओटीवर तांब्याभर पाणी ठेव. लांबून चालत येतोय.

तुझा,
जिवल्या